पैशाचं सोंग

तळघर मिळालं ते बफेलोतल्या एका बोलिंगच्या अड्ड्याखालचं,
महिना चाळीस डॉलर, उंदीर धरून.
डोक्यावर चेंडू घरंगळायचे, खुंट्या कोसळायच्या,
म्हणून आमच्या सिनेमात सतत गडगडतं.
ते वादळ आम्हाला फुकट पडलं.

मूळ चित्रपट तुम्ही पाहिला असेल, किंवा त्याच्यासारखा एखादा:
काळापांढरा, उंच जिना, श्रीमंत विधवा.
फोन वाजतो, ती उचलते, पलीकडे फक्त श्वास.
नवरा मेलाय असं सगळे म्हणतात,
एक नवरा सोडून.

विधवा म्हणजे आमचा ऑरव्हिल.
चोपन्न वर्षांचा. दिवसा सिटी बसचे ब्रेक दुरुस्त करतो.
रात्री आठनंतर मिसेस कॉर्डेलिया फॉग,
आणि आठनंतर त्याला 'तो' म्हटलेलं चालत नाही.
क्रियापदं बदलतात.
नखांतलं ग्रीस तेवढं तसंच राहतं.

तर तिचा गाऊन: एका बंद पडलेल्या मोटेलचे पडदे,
कड्या न काढलेले. चालली की किणकिणते.
मोती म्हणजे व्हिटॅमिनच्या गोळ्या, मासे धरायच्या दोरीत ओवलेल्या,
घाम आला की गळ्याला चिकटून पिवळ्या होतात.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणे.
म्हणणाऱ्यांनी आमचं झुंबर पाहिलेलं नाही.
एक चाळणी, तेवीस चमचे,
आणि खाली दिवा धरून मी, हात भरून येईपर्यंत.

जिना तीन पायऱ्यांचा.
त्याच तीन ती सतरा वेळा चढली,
दर वेळी आम्ही भिंतीवरची तसबीर बदलली,
आणि पडद्यावर ती चढतेच आहे, चढतेच आहे,
सासूला, सासऱ्याला, सासऱ्याच्या घोड्याला मागे टाकत.

खुनी कोण, ते कामाच्या पाळ्यांवर ठरायचं.
ज्याला सुट्टी, त्याचा हात काळ्या हातमोज्यात.
नीट बघा, खुनी पहिल्या दृश्यात डावखुरा आहे,
दुसऱ्यात सात महिन्यांचा गरोदर.

फक्त किंकाळी जमेना.
ओठांबाहेर दोन बोटं रंगवलेलं ते तोंड उघडायचं
आणि बसच्या दारातून हवा सुटावी तसं नुसतं फुस्स.
दहा वेळा.
"मी कधी ओरडलोच नाही," ती म्हणाली.
"आमच्या घरातल्या भिंती पातळ होत्या."
आठ वाजून गेले होते, आणि ती 'ओरडलो' म्हणाली.
कुणी दुरुस्त केलं नाही.

अकराव्या वेळी आली.
माझ्या हातातला दिवा हलला, एवढंच सांगतो.
वर चेंडू थांबले.
मग जिन्यावर सपाता वाजल्या, आणि मालकीणबाई मिसेस गोर्स्की
हातात बोलिंगची खुंटी उगारून खाली आल्या.
"कोण मारतंय तिला?"
आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.
बाई तिसऱ्या पायरीवर तिच्याशेजारी बसल्या,
स्वेटरच्या बाहीने हनुवटीपर्यंत ओघळलेलं काजळ पुसलं,
घोड्याच्या तसबिरीकडे पाहून "छान आहे" म्हणाल्या,
आणि वर गेल्या.

ड्वेनने कॅमेरा उघडला.
टेप दहाव्या वेळेलाच संपली होती.
पुन्हा एकदा घेऊ, असं कुणाच्याही तोंडून निघालं नाही.

म्हणून सिनेमात त्या जागी शिटी ऐकू येते,
मिसेस गोर्स्कींच्या चहाच्या किटलीची.
लोक सगळ्यात जास्त तिथेच हसतात.
ऑरव्हिलही हसतो, तिसऱ्या रांगेत, मांडी थोपटत.
मी तेव्हा पडद्याकडे बघत नाही.

खुंटी खालीच राहिली.
शेवटच्या दृश्यातली शॅम्पेनची बाटली ती तीच, मानेला चांदीचा कागद.
वर एका पट्ट्यावर आठवडाभर
लोक नऊच खुंट्यांवर खेळले.