चोथा

ओढा ओलांडला की वायनरीचं मागचं फाटक लागतं.
पुढच्या फाटकाशी लांबून आलेल्या गाड्या,
तिथली माणसं ग्लास फिरवतात,
आत नाक घालतात, मग घोटभर पितात.
मागच्या फाटकाशी मी, ट्रॉली आणि चिलटं.
नाक मीही घालते.
चोथ्याला आंबूस वास आला तर भरायचा,
बुरशीचा आला तर हात आखडायचा.

सोपान वरून ओरडतो, "ताई, आज काळी द्राक्षं आहेत, साडी जपा!"
साडी मागच्या हंगामातच जांभळी झाली, बाबा.

दावणीला नऊ हेले.
थोरला निंबाबाईकडचा.
म्हैस व्याली तशी तिनं शेपटी उचलून बघितली
आणि पत्त्यातली दुर्री उलटी टाकावी तसं म्हणाली,
"हेलाच."
त्याच्या वाटचं दूध चौथ्या दिवशी डेअरीत गेलं.
आठव्या दिवशी तो माझ्या सायकलवर,
गोणपाटात, फक्त डोकं बाहेर.

मक्याची कुट्टी तीन पाट्या, चोथा एक,
सोयाबीनचं भूस, मूठभर मीठ, गुळाचं पाणी,
आणि ती पांढरी भुकटी,
डॉक्टरीणबाई जिला खनिज म्हणतात, मी रांगोळी म्हणते.
पिंपळगावात टोमॅटोचा भाव पडला की
आमच्याकडे सणासारखं.
कांदा मात्र नाही.
चाळीत सडलेला एकदा घातला,
आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात लाल मूत.
तेव्हापासून मी विचारते,
फुकट आहे, पण कुणाला फुकट?

पहिल्या वर्षी लाडानं
थोरल्यापुढे नुसता चोथाच ओतला, पाटी भरून.
संध्याकाळी पाय पसरून पडला,
डाव्या कुशीचा ढोल.
गाव जमलं, गाव हसलं.
चढली म्हणे हेल्याला! गाणं म्हणायला लावा!
चढली नव्हती. आत आंबलं होतं.
रात्रभर बाटलीनं खायचा सोडा पाजत
मी त्याच्या कुशीवर तळवे घासत बसले,
बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून
ब्लाउजांची मापं पुटपुटत,
शेरीच्या सुनेचं चौतीस, मास्तरणीचं छत्तीस.
पहाटे त्याच्या जबड्यातून कुर्र, कुर्र.
रवंथ.
तेव्हापासून त्याचं नाव सोडा.
बाकीच्यांना नावं ठेवली नाहीत.
ती चूक एकदाच करायची असते.

आज लियाकत आलाय, टेम्पो रस्त्यावर उभा.
त्याचा टेप विसरला, म्हणून माझाच,
शिलाई मशीनच्या खणातला.
पुढच्या पायांमागून घेर,
खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी.
"ओढा ना ताई, घट्ट."
"एवढाच बसतो."
घेर अठ्ठावन्न, लांबी शेहेचाळीस.
घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं, सहाशे साठनं भागा.
माझी प्राजू बोटं न मोडता सांगते,
"दोनशे चौतीस."
सगळा हंगाम, सगळ्या पाट्या,
ती रात्रसुद्धा,
त्या आकड्यात बसली.

सोडा उभा राहिला, मापाला उभी राहते बाई तसा,
श्वास धरून.
मग माझं मनगट चाटलं,
तिथं सकाळचा गूळ होता. गुळासाठीच चाटलं,
मला ठाऊक आहे.

टेम्पो गेल्यावर मी शेण ओढलं.
जांभळट, बियांनी भरलेलं.
मागच्या वर्षीच्या उकिरड्यावर
द्राक्षाची तीन रोपं उगवलीत,
कुणी लावली नाहीत, कुणी उपटतही नाही.
एका पानावर गोमाशी बसली होती.

दिवेलागणीला निंबाबाई आली, खण घेऊन,
भाचीच्या लग्नासाठी.
हात वर करून उभी राहिली.
"थोडा सैल ठेव गं, दम लागतो.
आणि या टेपाला कसला वास येतोय?"

"द्राक्षांचा," म्हटलं,
आणि अडतीस लिहून घेतलं.