थांबलेला माग

चोवीस मागांच्या शेडमध्ये कुठला माग थांबला
ते मला पाठमोऱ्यानेही कळतं.
आवाजाने नाही,
आवाजाला पडलेल्या भोकाने.
धागा तुटतो, धोटा अडतो,
पाय आपोआप तिकडे वळतात.

घरी मात्र मी बहिरा होतो.

भार्गव पंधराचा, एकशे अठरा किलो.
गल्लीत मी कौतुकाने सांगायचो,
पोरगं कसं ढाराढूर झोपतं, पत्रे हलतात.
वर्गातही झोपायचा, बाकावर गाल टेकून.
मास्तर म्हणाले कुंभकर्ण.
मीही हसलो होतो. ते विसरत नाही.

सुट्टीची रात्र. अंबू विड्या वळत बसलेली,
हजाराला चाळीस कमी. म्हणाली, ऐका.
घोरणं चढत गेलं
आणि तुटलं.
तिच्या बोटांत पान तसंच.
मी मोजू लागलो. नऊ. चौदा. एकोणीस.
मग विहिरीच्या तळातून वर आल्यासारखा
तो हापापला, कूस वळला, पुन्हा घोरू लागला.

किती वर्षं हा माग असा थांबत होता,
एकही जॉबर धावला नाही.

सिव्हिलमध्ये डोक्याला, छातीला वायरी चिकटवून
त्याला रात्रभर झोपवलं.
डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला,
तासाला एकतीस वेळा श्वास अडतो.
वजन उतरवायला हवं, तोवर मशीन.
आणि म्हणाल्या, आळशी नाहीये हो तो.
दमलाय.
हे वाक्य मी त्याच दिवशी घरी आणलं.
मशीन नंतर आलं, हप्त्यावर.

नाकावर मुखवटा, पुढे लांब नळी.
धाकटी ओरडली, हत्ती!
माझ्या काळजात धस्स.
त्याने सोंड उचलून
तिच्या डोक्यावर ठेवली, आशीर्वाद दिला,
आणि दोन रुपये मागितले.

रातपाळी सुटली की आम्ही कंबर तलावावर जातो,
माझ्या केसांत अजून कापसाची फुसं.
पहिल्या दिवशी अर्धी फेरीही झाली नाही.
भज्यांची गाडी येते तेव्हा
तो तळ्यातली बदकं मोजतो, नसली तरी.
घरी एक कडक भाकरी, मोडून मोडून, तासभर.
शेंगाचटणीचा चमचा आखडताना
अंबू रडली, वाढायचं नाही तर मी आई कसली?

सात किलो उतरले.
दसऱ्यात तीन परत आले.
मग पाच उतरले, मग काटाच बिघडला.
पण एकदा शाळेतून येऊन म्हणाला,
नान्ना, आमचा फळा हिरवा आहे.
मला वाटायचं काळा.

काल रात्री त्याने मला गदागदा हलवलं.
काय रे, मशीन बंद पडलं?
नाही, म्हणाला,
तुमचा माग थांबत होता.
बावीसपर्यंत मोजले.

अंधारात माझ्या नाकाखाली त्याचं बोट.
मुखवट्याच्या रबराचा वास येत होता.