ताळा

मांडवी म्हणजे शून्य-शून्य, शिर्क्यांचा निषाद म्हणाला.
नववीतलं पोर, दात अजून तारेत.
पाणीगेटकडे अधिक, लहरीपुऱ्याकडे उणे,
वर चांपानेर दरवाजा, खाली गेंडीगेट.
इतकी वर्षं ज्या रस्त्यांवरून भाजी आणली
त्यांना अक्ष म्हणतात, हे मला काल कळलं.

पुस्तक गुजराती. निर्देशकांना त्यात याम म्हटलंय.
आमच्याकडे याम म्हणजे रात्रीचा प्रहर,
तोही पोथीतला.
एका अर्थी बरोबरच आहे:
दुकानात दिवसभर जरीच्या पट्ट्या मोजून,
घरी येऊन ओटा पुसून
मी वही उघडते तेव्हा साडेदहा झालेले असतात.

पहिलाच बिंदू चुकला.
चार, शून्य मांडायचा होता. मी उण्याकडे सरकले
आणि तो थेट सूरसागरात पडला.
"मावशी, पोहता येतं का?"

मग जोडीची समीकरणं.
वाय बरोबर एक्स अधिक दोन.
एक्स अधिक दोन वाय बरोबर दहा.
एकात दुसरं घातलं: तीन एक्स अधिक चार बरोबर दहा.
चार मी तसाच उचलून पलीकडे ठेवला.
चौदा भागिले तीन.
चार पूर्णांक सहा, सहा, सहा,
ओळ संपली तरी सहा थांबेनात.

"पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं, नाही का?"
तेव्हा असंच घोकलं होतं.
"पलीकडे कोणी जातच नाही," निषाद म्हणाला.
"दोन्हीकडून चार काढायचे. सारखेच.
एकीकडूनच काढलेस तर बरोबर राहत नाही."

नववीच्या दिवाळीनंतर माझी शाळा काढली,
विलासची ठेवली.
कोणी वाईट नव्हतं. फी एकाचीच होती.
आणि मधलं ते बरोबरचं चिन्ह
सत्तावीस वर्षं आम्ही तसंच लिहीत आलो,
दर भाऊबीजेला,
ताटाच्या दोन बाजूंना बसून.

"मावशी? झोपलीस?"

तीन एक्स बरोबर सहा.
एक्स दोन. वाय चार.
पट्टीची कड लेकीने कधीतरी चावलेली,
तिथे रेघ जराशी उडाली.
तरी भेटायच्या तिथे भेटल्या दोघी.
"आता ताळा कर."
दोन अधिक आठ. दहा.

सकाळी कामावर जाताना मांडवीखाली थांबले.
एक सेंटिमीटरला दहा पावलं धरली.
पाणीगेटकडे वीस.
डावीकडे गल्लीत वळून चाळीस.
मधे गाय बसली होती,
तिला घातलेला वळसा मोजला नाही.

चाळिसाव्या पावलावर एक किल्ल्या घासणारा.
"शुं जोइए, बेन? ताळुं?"
"ताळा," मी म्हटलं. "जमलाय."
त्याने मान हलवली
आणि पेटीतून तीन कुलपं काढून
माझ्यापुढे ओळीने मांडली.