भरती

एप्रिलचा शेवटचा आठवडा. वेळापत्रक पुण्याहून आलं,
तिथल्या हवेला धरून.
इथे तांडापेठेत साडेसातलाच टिनं तापतात.
माठ अर्धा झालेला, आणि तिसरीची लेकरं
एकेक करून माझ्या मोबाइलसमोर.

मिनिटाला पंचेचाळीस शब्द.
खाली आलं की चौकट लाल.
उताऱ्यात समुद्र आहे. होडी, शिंपले, नारळाची झाडं.
आमच्याकडे फार तर नाईक तलाव,
तोही या दिवसांत बुडाशी हिरवा.

चेतना हेडाऊ, तिसरी ब.
शब्दाखाली बोट ठेवून वाचते.
तुटला धागा जोडल्याबिगर
तिचा बाप माग पुढे चालवत नाही,
तशीच ही.

विसाव्या सेकंदाला थांबली.
"मॅडम, समुद्राला भरती येते म्हणजे?
भरती तं निघते नं?"

खरंच की.
तिचा भाऊ दोन वर्षांपासून पहाटे चारला मैदानावर असतो,
सोळाशे मीटर,
बूट कोणाचेतरी मागून आणलेले.
त्या घरात भरती म्हणजे पोलीसभरती,
दुसरी कोणती असणार?

आकडे पळत होते.
परीक्षकाने अर्थ सांगू नये: सूचना क्रमांक सहा.
मी सांगितला.
पाणी चढतं गं, किनाऱ्यावर. वर वर येतं.
"मंग?"
मग परत जातं. त्याला ओहोटी म्हणतात.

ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली,
बाहेर नुसतं ऊन.
"हाव," म्हणाली, "दादाबी दोनदा परत आला."

टुण्ण.
एकोणीस शब्द.

लाल चौकटीखाली एक रकाना उघडतो,
भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
कारण निवडा:
अनियमित उपस्थिती. स्थलांतर.
पालकांची उदासीनता. शिक्षकाचे दुर्लक्ष.

चेतना एक दिवस चुकवत नाही.
ते लोक कुठे जात नाहीत, जाणार कुठे?
आणि बाप कामावरची पाळी बदलून
पालकसभेला येतो, मागच्या बाकावर अवघडून बसतो.

मी चौथं निवडलं.
पूर्ण एक मिनिट
माझं घड्याळाकडे लक्ष नव्हतं, हे खरं आहे.

रात्री केंद्रप्रमुखांचा फोन.
"निकोसे मॅडम, हे काय भरून ठेवलं बाप्पा?
अख्ख्या केंद्रात तुम्हीच एकट्या.
तिसरं टाका नं. दहापर्यंत लिंक चालू आहे."

कूलरमध्ये पाणी ओतत होते तेव्हा.
बादली ठेवली, घड्याळ पाहिलं.
नऊ पन्नास.

दुसरी बादली भरायला लावली.