गाळणं

दिघ्याच्या विहारात पंखा एकच,
तो भन्तेंच्या डोक्यावर नाही, पोरांच्या.
रविवारी साडेआठला आम्ही बसतो
खाणीनं अर्ध्यात खाल्लेल्या डोंगराखाली.
पहिलं शील मला पाठ आहे
गेटपासच्या नंबरासारखं,
न बघता सांगता येतं.

मी रबाळ्याला, रंगाच्या कंपनीत, कायम रात्रपाळी.
सांडपाणी शुद्ध करायचं खातं.
खात्यातली मोटार दोन वर्षं बंद,
झडप मात्र चालू.
भरती पुरती चढू द्यायची,
ओहोटी लागली की दोन फेरे.
खाडी ओढून नेते सगळं, साहेब म्हणतात,
सकाळी काही दिसत नाही.

सकाळी दिसतं.
दिवा कोळीवाड्यातला पोशा नाना
बिळात कोपरापर्यंत हात घालतो
आणि निवटी काढतो, मेलेली,
डोळे वर, अंगावर जांभळट साय.
मला दाखवतो. बिडी देतो.
कुठल्या खात्यात आहेस, हे त्यानं कधी विचारलं नाही.

आषाढ पौर्णिमेला भन्ते वर्षावासाला बसले.
पावसाळ्यात चालायचं नाही, कारण
कोवळं गवत पायाखाली येतं,
गवतातलं आणखी काय काय येतं.
मग झोळीतून एक फडकं काढलं,
तारेच्या कडीला शिवलेलं.
भिक्खूच्या आठ वस्तूंतली ही एक.
अनुसयाबाई हसल्या,
आमच्या नळालाय की, जुन्या लुगड्याचं!
भन्तेही हसले.
तुम्ही गाळता, म्हणाले,
किडा आपल्याला लागू नये म्हणून.
हे, आपण किड्याला लागू नये म्हणून.

आणि गाळून झालं की फडकं
पुन्हा त्याच पाण्यात धरायचं, हलकेच,
वर अडकलेलं सगळं
घरी जाईपर्यंत.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
मी हात मांडीखाली घेतले.
नखांतला जांभळा
साबणानं जात नाही, रॉकेलनंही नाही.

रात्री टाकीच्या कठड्यावर बसलो.
डोळे मिटले. नाकाच्या शेंड्याशी लक्ष.
श्वास आत येतो, त्याला कंपनीचा वास.
श्वास बाहेर जातो, त्यालाही.
नुसतं बघायचं, म्हणतात, बरं-वाईट म्हणायचं नाही.
मी बघितलं.
हे आहे म्हणून ते आहे :
पगार आहे म्हणून झडप,
झडप आहे म्हणून जांभळी साय,
साय आहे म्हणून नानाचा रिकामा डबा,
आणि कुठल्यातरी दुकानात
कोणीतरी हौसेनं अंगाला लावून पाहिलेली
जांभळी साडी.
साखळीत मी कुठे ते शोधत होतो,
हाताला गार लोखंड लागलं.

त्या रात्री झडप उघडली नाही
असं सांगता आलं असतं तर बरं होतं.
उघडली.
उत्पलाची नर्सिंगची फी भरायची होती.

पण चौथं शीलही पाठ आहे मला.
वहीतल्या ज्या रकान्यात
अकरा वर्षं 'निरंक' लिहिलं, तिथं लिहिलं :
दोन चाळीस. दोन फेरे. रंग जांभळा. वास आहे.
खाली सही, बापाच्या नावासकट.
बाप याच खाणीत दगड फोडायचा.
त्याच्या नावाला अक्षर नीट काढावं लागतं.

सकाळी साहेबांनी पान फाडलं.
रात्री पुन्हा लिहिलं.
पुन्हा फाडलं.
वही पातळ होत चाललीये,
शिवणीशी फाटक्या कडांची दातेरी रांग,
ती मात्र कोणाला काढता येत नाही.

साहेब ओरडत नाहीत.
फक्त विचारलं, पेन कोण देतं तुला?

या रविवारी मी हात मांडीखाली नाही घेतले.
जोडले, नखांसकट.
अनुसयाबाईंनी पाहिलं,
लुगड्याच्या पदरानं उगाच
समोरची समई पुसली.

पोशा नानाला अजून सांगितलेलं नाही.
उद्याची ओहोटी तीन पंचवीसला.