पुढचा दिवा

घड्याळं एक तास मागे गेली त्या आठवड्यात
श्रूजबरीत पाचलाच अंधार पडला,
आणि ॲबी फोरगेटवर एक पांढरी व्हॅन
माझ्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली.
काच खाली करून माणूस म्हणाला,
सॉरी हं, तुम्ही दिसलाच नाहीत.
असू दे, म्हटलं.
रबरबँडने हँडलला बांधलेला मोबाइल
तेव्हा उलटा फिरून
माझ्याच हनुवटीवर उजेड पाडत होता.

मी काही रोजची सायकलवाली नव्हे.
गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये बॅडमिंटन,
कधी संपलेलं दूध, कधी लायब्ररीची उलटून गेलेली तारीख.
नदी गावाला वळसा घालते
त्या वळशात माझं सगळं येणंजाणं,
आणि तिथे खांबांवर दिवे आहेत, पिवळट, पुरेसे.

लीड्सहून ईशानने यादी पाठवली:
आठशे ल्युमेन, बाराशे ल्युमेन,
एकाची तर बॅटरीच वेगळी, अर्ध्या विटेएवढी.
आई, इथे काटकसर नको.
अरे, मला दूध आणायचंय,
वाघ हुडकायचा नाही.

वाइल कॉपच्या चढावर ग्विलिमचं दुकान.
ग्रीसने काळी झालेली नखं काउंटरवर ठेवून
त्याने एकच विचारलं:
तुम्हाला रस्ता दिसायला हवाय,
की तुम्ही रस्त्याला?

त्याने इंग्रजीत शब्द नीट वेगवेगळे ठेवले होते.
माझ्यापर्यंत पोचताना त्यांचं एकच क्रियापद झालं.
मला दिसतं.
मी दिसते.
मधे फक्त एक विभक्ती,
मिरजेच्या शाळेत कुंभोजकर बाईंनी घोकून घेतलेली,
स ला ते, स ला ना ते,
आणि बावन्न वर्षांची होईतो
मी चतुर्थीतच राहत आले की काय,
असं उगाच वाटून गेलं, दुकानात, टायरच्या वासात.

भाऊंच्या सायकलला डायनामो होता.
चाकाला घासत गुणगुणायचा,
सायकल थांबली की दिवाही जायचा,
आणि हवालदार नेमका चौकात, जिथे थांबावंच लागे.
एकदा त्याने दोन्ही चाकांची हवा सोडली.
भाऊ सायकल ढकलत आले
आणि घरी म्हणाले, पंक्चर.

दिसायला, मी ग्विलिमला म्हटलं. मी.

त्याने खालचा खण ओढला.
लिंबाएवढा दिवा, पाठीला रबरी पट्टा,
ताणायचा, आकड्यात अडकवायचा,
स्क्रू नाही, पाना नाही.
हातमोजा घालून बटण दाबून पाहिलं. जमलं.
हातमोजा काढून दाबलं तर दोनदा दाबलं गेलं
आणि तो लुकलुकायला लागला.
हे नको, लग्नाच्या मांडवासारखी दिसेन.
मग संथ ठेवा, तो म्हणाला, आणि जरासा खाली झुकवा,
समोरच्याच्या डोळ्यांत जायला नको.
एकोणीस पौंड.
मागचा लाल आहे ना?
आहे. मागून मी पहिल्यापासून व्यवस्थित दिसते.

गुरुवारी हॉलबाहेर सायकल कुलूपबंद केली,
दिवा काढून कोटाच्या खिशात टाकला.
खिशात किल्ल्या, शटलचं तुटकं पीस,
कागदात गुंडाळलेली आलेपाकाची वडी.
दोन गेम हरले.
येताना दुधासाठी थांबले तर
काउंटरवरचा पोरगा, बिल्ल्यावर डेक्लन,
दूध सोडून माझ्याकडेच बघत राहिला.

खिसा आतून उजळला होता.
अस्तराची शिवण न् शिवण, किल्ल्यांचे दाते,
वडीसुद्धा, कागदासकट.
तुमचा कोट पेटलाय, तो म्हणाला.
बंद करायला दाबलं
तर लुकलुकायला लागला.
मागे सबंध रांग, कुणाच्या हातात पाव, कुणाच्या मांजराचं खाणं,
सगळे माझ्याकडे.

आणखी एकदा दाबलं असतं तर विझला असता.
मी आधी सुटे पैसे मोजले,
पिशवी नको म्हटलं,
दुधाचं झाकण घट्ट आहे ना तेही पाहिलं.