अठरा

पेपर आले सात चाळीसला,
केंद्रप्रमुखांच्या स्कूटरच्या डिकीतून.
पाकिटावर 'गोपनीय', जांभळा शिक्का, जरा फिसकटलेला.
पाचवी, गणित.
मखमलाबादच्या आमच्या मनपा शाळेत
अठ्ठावीस मुलं, आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे,
म्हणजे आम्ही आमच्याच वर्गाच्या दाराबाहेर उभे.

प्रश्न चौथा, उपप्रश्न अ:
वर्तुळाचा व्यास १८ सेमी आहे, तर त्रिज्या किती?

वर्तुळ मी शिकवलं जानेवारीत,
खडूला सुतळी बांधून, फळ्याच्या मधोमध.
यमुना हिरामण खांडवीच्या नावापुढे
त्या महिन्यात सलग फुल्या आहेत.
घरचे सुरगाण्याहून आलेले, पेठ रोडपलीकडच्या बागेत,
ती आईसोबत मांडवाखाली,
हातात भोकांची प्लास्टिकची पट्टी:
सोळा, अठरा, वीस.
मणी घालून बघायचा. पुढचा घड.

उत्तरपत्रिकेत तिनं लिहिलं होतं:
'अठरातून जो मनी खाली पडत नाही तोच पेटीत जातो.
बाकीचा लोकलला.'

उत्तरसूचीत एकच ओळ: ९ सेमी, १ गुण.

लाल पेनाचं टोपण काढून
मी चहा निवेपर्यंत बसले.
मग शून्य दिलं.
बेरीज बारा. सवलतीचे पाच. सतरा.
अठरा लागतात.
बेरीज पुन्हा केली, या वेळी खालून वर,
जशी काही ती दुसऱ्या जिन्यानं आली तर
वेगळ्या मजल्यावर पोचेल.
सतरा.

एक गुण काय, कुठेही सापडतो.
शेजारच्या वर्गाच्या मोगल बाई दरवर्षी शोधतात
आणि मी त्यांना नावं ठेवते.
त्या रात्री मी पत्रिका दोनदा चाळली,
नीटनेटकेपणासाठी काही देता येतं का बघितलं.
अक्षर वाईटच होतं.
सकाळी लिंक उघडली, सतरा भरले,
आणि गोल फिरता फिरता पडद्यावर आलं:
'पुनर्परीक्षेस पात्र.'
नापास मुलीसाठी असा शब्द
कुणाला सुचला असेल?

निकालाला आई आली, बोटांच्या कडा काळ्याच.
मी म्हटलं, जूनमध्ये परत बसवू तिला.
ती म्हणाली, "घरी?"

मग मे महिनाभर, आठ ते नऊ,
शाळेच्या पायरीवर आम्ही दोघी.
मी सांगायची, यमुना, गोष्ट नको.
विचारलंय तेवढंच लिही. आकडा आणि एकक.
ती मान हलवायची.
एकदाच म्हणाली,
"पण बाई, अठरा सेंटीमीटर म्हंजे तर पपई झाली."
मला हसू आलं,
आणि लगेच म्हटलं, हे पण लिहायचं नाही हं.

जूनच्या पेपरला तिघंच होती.
एवढ्या मोठ्या वर्गात तीन मुलं लांब लांब बसवली
की ती आजारी वाटतात.
पंखा एका बाजूनं खडखडत होता.
यमुना सगळ्यात आधी उठली.

त्रिज्या ९ सेमी, तर व्यास किती?
तिनं लिहिलं: १८ सेमी.
अक्षरही सुधारलेलं.
एक गुण. पूर्ण पेपरचे एकोणतीस.
मोगल बाईंनी पेढा दिला, मी खाल्ला,
सहावीच्या पटावर तिचं नाव स्वतःच्या हातानं चढवलं.

उत्तराखाली चार ओळी तशाच कोऱ्या होत्या.
मी थांबले तिथे. पान उलटून मागंही बघितलं,
चुकून कुठे काही राहिलंय का.
मग नियम आहे त्याप्रमाणे
कोऱ्या जागेवर लाल तिरकी रेघ ओढली,
नंतर तिथे कुणी काही लिहू नये म्हणून.